दोन्ही वाटांचा कौल

भिकाजीच्या मांडीत गाठ आली तेव्हा त्याच्या बायकोने, रुक्मिणीने, आधी तेल कोमट केलं. वालावलच्या खाडीत जन्मभर होडी वल्हवलेला माणूस, स्नायू आखडायचाच. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून झाला की ती गाठीवर तेल जिरवायची आणि मनात नाम घ्यायची. पण गाठ विरायचं लक्षण दिसेना. सुपारीएवढी होती ती लिंबाएवढी झाली, बोट लागलं तरी भिकाजी कळवळू लागला.

गेल्या वर्षी त्याच्या फुप्फुसात कर्करोग निघाला होता. केमोने दबला, डोक्यावर केस आले, भिकाजी पुन्हा होडीवर गेला. छातीतलं ते मांडीत कशाला येईल, असं रुक्मिणी स्वतःला समजावायची. समजावता समजावता पुन्हा तेल कोमट करायला ठेवायची. शेवटी कुडाळच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गाठ दाबून पाहिली आणि ते म्हणाले, "मोठ्या हॉस्पिटलात सुई घालून तपासून घ्या. थांबू नका."

भिकाजी ऐकेना. "परत ते सुये, परत ती ओकारी? माका नको." मग जरा वेळाने म्हणाला, "तू एवढी देवाची ना गो? कौल लाव. उजवो दिल्यान तर जातलंय. डावो दिल्यान तर माका परत डाक्टराचा नाव सांगू नको."

लेकीच्या, गौरजाच्या लग्नाला कौल, विहिरीच्या जागेला कौल. देवाचा शब्द रुक्मिणीने कधी खाली पडू दिला नव्हता. म्हणूनच या वेळी तिला कौल लावायची धास्ती वाटली. डावा आला तर? ज्याचे सोमवार निर्जळी केले त्याचा शब्द मोडायचा कसा? आणि पाळायचा तरी कसा?

देवळात भिकाजी पाय लांब करून बाहेरच्या पायरीवर बसला. बाबली गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या; ज्या अंगाची आधी पडेल, तो देवाचा कौल. "काय विचारूचा, वयनी?"

रुक्मिणीने पदर तोंडाशी धरून सांगितलं. बाबलीचा हात थबकला.

"ह्यो कसलो कौल? उजवी पडली तर गोव्याच्या हॉस्पिटलात, डावी पडली तर कोल्हापूरच्या? मगे घराक ऱ्हवाची वाट खंय आसा?"

"ती वाट माका विचारूची नाय," ती हळूच म्हणाली. "भय वाटता, भावजी."

बाबलीने तिच्याकडे पाहिलं आणि तिच्याच शब्दांत देवाला खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. कळ्या हलेनात. समई तेवत होती, गाभाऱ्यात थेंब ठिबकत होता. देवाने आपली लबाडी ओळखली, आता तो मुकाच राहणार, असं रुक्मिणीला वाटलं. मिटल्या डोळ्यांनी तिने त्याला एवढंच सांगितलं, रागाव, पण माझ्यावर.

उजवी कळी पडली.

बाहेर भिकाजी काठी टेकून उठला. "आयकलंय सगळा. देवाक दोनय बाजून बांधलंस मा?"

"बांधूक नाय. हात धरलंय त्याचो."

तो पायरी उतरला. रिक्षाकडे चालू लागला.

गोव्यात सुईची तपासणी झाली. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. "फुप्फुसातलाच कर्करोग आहे. रक्तावाटे मांडीच्या स्नायूत उतरलाय. तिथे तो सहसा घर करत नाही."

रुक्मिणी खुर्चीच्या कडेला सरकली. "मी रोज चोळत होते. त्यामुळे पसरला का, डॉक्टर?"

"नाही. तुमच्यामुळे काही झालेलं नाही. पण आता तिथे तेल लावू नका."

"बरे होतील ना?"

डॉक्टरांनी समोरची फाईल मिटली. "मुळासकट जाईल असं खोटं सांगत नाही. रेडिएशनच्या किरणांनी दुखणं उतरेल. गाठीचा तुकडा आणखी तपासणीसाठी पाठवलाय. त्यावरून गोळ्या द्यायच्या की सलाईनमधून औषध, ते ठरवू. काही काळ नक्की हातात येईल."

किती काळ, हे तिने विचारलं नाही. तोही कौल तिला लावायचा नव्हता.

किरणांच्या पहिल्या दिवशी सोमवार होता. भिकाजीच्या मांडीवर शाईच्या खुणा केल्या होत्या, त्या पुसायच्या नव्हत्या. तेलाची बाटली रुक्मिणीच्या पिशवीत तळाशी तशीच पडून होती. हातांना काम नव्हतं, म्हणून ती पदराचं टोक पिळत होती. आत तिला जाऊ देणार नव्हते.

भिकाजीचं नाव पुकारलं. समोर शेजारी-शेजारी दोन जाड दरवाजे होते. तो उठला, लंगडत दोन पावलं गेला आणि मागे वळला. चेहरा पांढराफटक, पण ओठांच्या कडेला हसू.

"खंयचो गो? उजवो की डावो?"

तिने पिळलेला पदर सोडला. "खंयचोय असू दे," ती म्हणाली. "जावा."