भंडाऱ्याच्या रिंगणात मरण नाही

रविवारी सकाळी बिरोबाच्या देवळापुढं एवढी गर्दी उसळली, की पाय कुणाचे आणि चपला कुणाच्या, काही कळेना. मधोमध जीप, जीपच्या टपावर लालासाहेब महाराज. पांढरं धोतर, काळा गॉगल आणि हातात माईक. तो माईक मधूनच असा किंचाळायचा की झाडावरचे कावळे उडायचे.

"दारू सोडा म्हणून मी तुमाला सांगत न्हाई!" महाराज गरजले. "मी दारूलाच सांगतो, ह्या गावाला सोड! दसऱ्याला रिंगण बांधलं. तवापास्नं रिंगणाच्या आत दारूनं एक तरी मेला का?"

"न्हाई!" सगळी गर्दी एका सुरात.

"आन् भाईर?"

आता कुणी ओरडलं नाही. बाहेर माणसं मेली होती, आणि ती सगळ्यांच्या ओळखीची होती.

"बगा! लेखी गॅरंटी डॉक्टर देतो का? बिरोबा देतो!"

बिरोबानं असं कधी काही लिहून दिल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं, पण टाळ्या पडल्या. गोण्या फुटल्या. शाळेमागून, पाण्याच्या टाकीखालून, शेवटच्या घराला वळसा घालत भंडाऱ्याची पिवळी रेघ गावाभोवती पुन्हा ताजी झाली.

साक्षी हे सगळं दारातून बघत होती. दहावीची पोरगी. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत नंबर आल्यापासून तिचं तोंड मिटत नाही, असं आई म्हणायची. आज मात्र ते मिटलेलं होतं, कारण घरात तिचे पप्पा निजले होते. मल्हार, एके काळी दोन मेंढरं दोन खांद्यांवर घेऊन ओढा ओलांडणारा गडी. आता डोळे हळदीसारखे पिवळे आणि पोट हे एवढं. आणि उशाखाली बाटली होतीच.

त्यांना दवाखान्यात न्यायला पल्लवी आत्या सांगलीहून आदल्या दिवशीच आली होती. पप्पांची धाकटी बहीण, ह्याच गावच्या शाळेत शिकलेली. गणितात डॉक्टरेट करून कॉलेजात शिकवायची. गावातले म्हणत, "डॉक्टर हाय, पर गोळी देत न्हाई."

पण आई हलेना. "वन्सं, रिंगणात हायती तवर जित्ते तर हायती! भाईर नेलं आन् काय झालं, तर मी काय करू?" बोलता बोलता तिनं पप्पांच्या कपाळाला भंडारा लावला. "सगळं करून बगितलं वो मी. शपथा झाल्या, माळ घालून झाली. आता ह्ये एकच उरलंय."

पप्पांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

सकाळचा चहा गाळताना साक्षीनं विचारलं होतं, "आत्या, तू नकाशावर दारू शोधतेस म्हणजे गं काय करतेस?"

"दारूनं माणसं कुठं जास्त मरतात ते बघते. मग ते उगीच योगायोगानं, की तिथं खरंच काही बिघडलंय, ह्याचं गणित मांडते. म्हणजे उपचार कुठं पोचवायचे ते कळतं." आत्या जराशी हसली. "कॉलेजातली माझी पोरं दरवर्षी पहिला नकाशा काढतात, आणि दरवर्षी सगळ्यात लाल ठिपका कुठं येतो सांग? सांगलीतल्या मोठ्या दवाखान्यावर!"

"दवाखान्यात दारू पितात?"

"नाही गं वेडे. माणूस पितो गावात, मरतो दवाखान्यात. पोरं मरायची जागा धरतात. मग मी सांगते, एकेकाला कागदावर त्याच्या घरी परत न्या. आणि अख्खा नकाशा बदलतो."

साक्षी तेव्हा नुसती हसली होती.

आता मात्र आतून आईची किंकाळी आली. पप्पांना उलटी झाली होती. रक्ताची. अंथरूण, भिंत, आईचं लुगडं, सगळं लाल. आत्यानं धावत जाऊन त्यांना कुशीवर वळवलं आणि दुसऱ्या हातानं फोन लावला. "वडूजहून अँब्युलन्स निघतेय. कुणी हलवू नका!"

पण देवळापुढचे गडी तोवर आलेच. पुढं धुळाकाका, हातात घोंगडं. "उचला रं. रानातल्या छपराकडं घ्या. रिंगणात जीव गेला तर रिंगण तुटतंय. समद्या गावाला बाधंल."

"न्या भावजी," आई तोंडात पदर कोंबून म्हणाली. "माझ्या पायी गाव नगं बुडाय."

छप्पर. आकाराम आबांच्या ज्योतिबादादालाही असाच घोंगड्यात घालून त्या छपरात नेला होता. त्याच्या आधी खालच्या आळीतल्या काकांना नेलं होतं. त्यांच्याही आधी...

ती सुटली ती थेट शाळेमागच्या पिवळ्या रेघेवर जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून. घोंगडं धरलेले गडी तिच्यापुढं थबकले. आत्या धापा टाकत मागून आली. "खाली ठेवा! कुशीवरच ठेवा त्याला!"

"सर की बाजूला, ए शाने!" धुळाकाका ओरडले.

"नाही सरकणार! काका, रेघेच्या आत कुणी मेलं नाही म्हणता ना? का मेलं नाही, ते आत्ता कळेल." साक्षीचा आवाज स्पर्धेतला होता. तिनं मातीत बोटानं गोल काढला आणि एक खडा गोलाच्या बाहेर ठेवला. "हे आपलं रिंगण. हा ज्योतिबादादा. छपरात गेला. आकाराम आबा, दादाचं घर कुठं?"

म्हातारे आकाराम आबा गर्दीतून पुढं आले. खाली बसले. मग तो खडा उचलून त्यांनी गोलाच्या आत ठेवला.

"देवळाच्या मागं. आतच," आबा म्हणाले. "मीच खांद्यावर घिऊन गेलो हुतो. जित्ता हुता. पाणी मागत हुता."

मग खालच्या आळीतली काकू वाकली, एक खडा उचलून तिनं आपल्या घराच्या जागी ठेवला आणि तिथंच मटकन बसली. आणखी एकजण पुढं आला. आणखी एक. गोल आतून भरत गेला. बाहेर एकही खडा पडला नाही.

"पोरीच्या अंगात आलंय!" गर्दीमागं येऊन थांबलेल्या जीपवरून महाराजांचा माईक किंचाळला. "भंडारा लावा तिला!"

"अंगात काही आलं नाही, महाराज. डोक्यात आलंय!" साक्षी आता रडत होती. "रिंगणानं मरण अडवलं नाही. आपणच आपली माणसं जिवंतपणी उचलून रेघेबाहेर टाकली! त्या घडीला दवाखान्यात नेली असती, तर त्यातली काही जगली असती!"

"बिरोबाचा भंडारा मीही कपाळाला लावते," आत्या शांतपणे म्हणाली. "पण बिरोबानं आजारी माणसाला रानात टाकायला सांगितलेलं नाही. ते ह्या माणसानं सांगितलंय."

लोक वळेपर्यंत जीप सुरू झाली होती. महाराज टपावरून आत कधी घुसले, ते कुणी बघितलंच नाही. गॅरंटी तेवढी मागं राहिली.

सायरन वाजवत अँब्युलन्स आली. तिच्या चाकांखाली पिवळी रेघ पुसली गेली. काही झालं नाही. आभाळ जागच्या जागी राहिलं.

आत कोण बसणार, ड्रायव्हरनं विचारलं. आईनं एकदा पुसल्या रेघेकडं बघितलं, एकदा पप्पांकडं. "मी बसती," ती म्हणाली. "धुळा भावजी, त्या बाजूनं धरा त्यास्नी."

धुळाकाकांनी घोंगडं टाकलं आणि हात लावला.

साताऱ्याच्या दवाखान्यात रक्तस्राव थांबला. पप्पा जगले. लिव्हर मात्र फार खराब झालंय, आणि आता एक घोट प्यायला तरी धोका, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. उपचार लांबचे, रोजचे, किचकट. त्यात चमत्कार नाही. कधी पप्पांचे हात कापतात, कधी ते साक्षीवर ओरडतात, कधी दिवसभर बोलतच नाहीत. ते पुन्हा पिणार नाहीत, असं घरात कुणीही छातीठोकपणे सांगत नाही.

आणि आकाराम आबा रोज छपराशी जाऊन बसतात. जाताना पाण्याचा तांब्या नेतात.

लालासाहेबांची जीप आता दुसऱ्या कुठल्यातरी गावात उभी असेल. उद्या ती तुमच्याही देवळापुढं येईल. आत कुणी मेलं नाही असं माईकवर ऐकलंत, तर टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारा : जे बाहेर मेले, ते राहायला कुठं होते? आणि दारूनं आजारी पडलेलं तुमचं माणूस पाणी मागत असेल, तर त्याला रेघेबाहेर टाकू नका. दवाखान्यात न्या.