आवळलेली स्प्रिंग

शेवटचा नट सुटला आणि टिजोने तेल गळून काळा पडलेला गाडीचा जुना शॉकअप स्प्रिंगच्या मधून उपसून काढला. स्प्रिंग मात्र तशीच राहिली. दोन बाजूंना दोन लांब शिकंजे लावून आवळलेली, निम्म्या उंचीची. त्याने ती टेबलावर आडवी ठेवली, खोक्यातून नवा शॉकअप काढला, फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला, आणि खोक्यावर हात आपटला.

"डावा दिलाय मेल्यानं. मला उजवा हवा होता."

त्याची बायको जिन्सी मुलीला, इवाला, कडेवर घेऊन पोर्चच्या पायरीवर उभी होती.

"मग बदलून आणा ना, इच्चाया."

"आज हरताळ आहे. संध्याकाळी सहाच्या आत दुकानाचं शटर कोण उघडणार, चर्चमधले फादर?"

"मग ही आधी सैल करा. दिवसभर अशीच ठेवायची?"

"आत्ता घाम गाळून आवळलीय. आता सोडायची, संध्याकाळी परत आवळायची? हात लावू नका म्हणजे झालं. चावत नाही ती." त्याने फडक्याला बोटं पुसली. हरताळाच्या दिवशी गावातले सगळे पुरुष जिथे असतात तिथे, साजूच्या रबराच्या शेडमध्ये पत्ते कुटायला तो निघून गेला.

स्प्रिंगचं एक तोंड भिंतीकडे होतं. दुसरं होतं इवाच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीकडे.

कॉलेजात फिजिक्सला जिन्सीने हेच गणित किती वेळा सोडवलं होतं. तेव्हा स्प्रिंग म्हणजे वहीतली एक नागमोडी रेघ असायची. आता ती हातभर अंतरावर, बोटभर जाडीची, निळसर काळी पडलेली होती, आणि तिच्यात कोंडलेलं सगळं त्या दोन शिकंज्यांच्या वाकड्या लोखंडी आकड्यांवर तोललेलं होतं. तिने खिडकी लावून घेतली. काचा आठवल्यावर पुन्हा उघडली. शेवटी मुलीचं अंथरूण गुंडाळून स्वयंपाकघरात आणून टाकलं.

सासूबाई, अम्मच्ची, खाली बसून कप्प्याचे, म्हणजे टॅपिओकाचे, कंद सोलत होती. अंथरुणाकडे पाहून तिने सुरी थांबवली.

"हे काय आता?"

"तिकडे नको झोपवायला. ती स्प्रिंग उडाली तर."

"परवा पंखा पडणार होता. काल फणस डोक्यात पडणार होता. आज स्प्रिंग. तुझ्या माहेरी रोज काय काय पडायचं गं?"

"अम्मच्ची, खरंच सांगते..."

"तुझ्या सासऱ्यांनी, टिजोच्या अप्पच्चननं, जन्मभर ह्याच पोर्चमध्ये हेच काम केलं," अम्मच्ची म्हणाली आणि सुरी पुन्हा चालू झाली. जरा जोरातच.

ऊन पोर्चमध्ये शिरलं. इवा झोपेना. जाळीच्या दाराची कडी काढायला ती ह्याच आठवड्यात शिकली होती, आणि शिकलेलं सारखं करून बघायचं होतं तिला. जिन्सीने कडीला ओढणी बांधली, गाठ मारली, गाठीवर गाठ मारली. मग बाहेर काहीतरी टक् वाजलं.

ती दाराशी गेली. बाजूच्या छपराचा पत्रा तापून वाजला असेल. स्प्रिंगवर कारखान्यातला पिवळ्या रंगाचा एक ठिपका होता. सकाळी शिकंज्याचा आकडा त्या ठिपक्यावर बसला होता. आता ठिपका पूर्ण दिसत होता. की सकाळीही दिसतच होता?

तिने टिजोला फोन लावला.

"आकडा सरकलाय बहुतेक."

"कुठेही सरकला नाही. झोप काढ जरा." मागून पत्ते खेळणारा कुणीतरी तिला ओरडून म्हणाला, "चेच्ची, स्प्रिंगला आमचाही नमस्कार सांगा!" सगळे हसले. टिजोही हसला, आणि फोन बंद झाला.

भाताचं पाणी काढायला ती वळली असेल तेवढंच. पुन्हा पाहते तो अंथरूण रिकामं. ओढणी जमिनीवर, दार सताड उघडं. इवा टेबलाशी टाचा उंचावून उभी होती आणि शिकंज्याच्या चकचकीत बोल्टकडे तिचा हात गेला होता.

जिन्सी ओरडली नाही. मुलगी दचकून तो बोल्टच धरेल असं तिला वाटलं. ती अनवाणी, श्वास धरून गेली, मागून मुलीला उचललं आणि दारापर्यंत उलट्या पावलांनी आली. मग तिने खिडकीच्या कट्ट्यावर पडलेला टिजोचा पाना घेतला.

अम्मच्ची दारात उभी होती. हाताला कप्प्याचा चीक.

"दे तिला इकडे," ती म्हणाली. "मागे विहिरीकडे घेऊन जाते."

दोन पावलं जाऊन ती थांबली.

"टेबल आधी फिरव, बाहेरच्या अंगाला. तोंडासमोर उभी राहू नकोस. आणि एकाच बाजूचा सोडत सुटू नकोस. थोडा हा, थोडा तो."

जिन्सी तिच्याकडे बघतच राहिली. अम्मच्चीने वर पाहिलं. पोर्चच्या स्लॅबला वाटीएवढा खड्डा होता, कितीदा तरी रंग देऊन बुजवत आणलेला. तिथे पाळण्याची कडी होती असं लग्न होऊन आल्यावर जिन्सीला सांगितलं होतं.

"कडीबिडी कधी नव्हती तिथे," अम्मच्ची म्हणाली. "टिजो हिच्याएवढाच होता. ह्या पायरीवर बसून बिस्कीट खात होता."

आणि ती मुलीला घेऊन गेली.

जिन्सीने टेबल फिरवलं आणि बाजूला उभी राहून पहिल्या बोल्टला पाना लावला. थोडा हा. थोडा तो. स्प्रिंग कुरकुरली, थांबली, पुन्हा कुरकुरली. पाठीवरून घाम ओघळत होता आणि मान वळवायचीही तिला भीती वाटत होती. बऱ्याच वेळाने आकडे हातात खुळखुळू लागले. नुसतं लोखंड उरलं तेव्हा ती तिथेच भिंतीला टेकली.

दिवेलागणीला टिजो उजवा शॉकअप घेऊन आला.

"ही कुणी सोडली? सांगून गेलो होतो ना, हात लावू नका म्हणून!"

जिन्सीने तोंड उघडलं.

"मी," आतून आवाज आला. अम्मच्ची पळी घेऊनच दारात आली. "तुझ्या अप्पच्चनलाही सांगितलं होतं, आवळून ठेवून जेवायला बसू नका. हसले होते तेही." तिने एकदाच वर पाहिलं. "कप्पा करपतोय," म्हणत ती वळली.

टिजोने त्या खड्ड्याकडे पाहिलं. मग आईच्या पांढऱ्याशुभ्र हातांकडे, आणि जिन्सीच्या काळ्या बोटांकडे. त्याने खांद्यावरचं फडकं काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

शिकंजे पुन्हा चढले. त्याने टेबल हलवून बघितलं, स्प्रिंगचं एकही तोंड घराकडे नसल्याची खात्री केली, पाना बोल्टवर बसवला. आणि तसाच थांबला.

"इवामोळ कुठाय?"

"आत. अम्मच्चीपाशी."

"दार लाव."

जिन्सीने कडी घातली आणि दिवसभरात पहिल्यांदा पायरीवर टेकली.