कोरफडीच्या मुळातलं औषध

"ताई, तुझ्या कोरफडीचं कुठवर आलं?" भावानं उशीवरून मान न उचलताच विचारलं.

"चाललंय तिचं काम," बहीण म्हणाली.

"जरा हात चालवायला सांग तिला. तिकडं माझ्या भिंतीला दुसरा हात मारायचा राहिलाय."

भाऊ रंगारी. शिडीवरून पडून पाय मोडला होता. हाड बसवलं, पण जखमेतून जंतू आत शिरले आणि कुठल्याच औषधाला जुमानेनात. बहीण प्रयोगशाळेत कामाला. औषधी झाडांच्या आत काही जिवाणू घर करून राहतात आणि झाडावर चालून आलेल्या रोगजंतूंना मारतात. मुळं धुवायची, स्पिरिटनं बाहेरचे जंतू मारायचे, गाभा कापून जंतू वाढवायच्या काचेच्या प्लेटवर ठेवायचा आणि आत राहणारे जिवाणू वाढवायचे, हे तिचं काम. त्यांच्यात एखादं नवं औषध सापडेल, अशी सगळ्यांना आशा होती.

भावाच्या जखमेतले जंतू डॉक्टरांकडून मागून तिनं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमपुढे ठेवले.

"यांच्यावरही कोरफडीतले जिवाणू लावून बघू," मॅडम म्हणाल्या. "पण प्लेटवर चाललं तरी त्याला देता येणार नाही. ते अंगाला सोसेल की नाही, हे कळायलाच वर्षं जातात."

"माहितीये मला, मॅडम."

माहीत होतं, तरी रोज सकाळी आल्याआल्या ती आधी त्याच्या जंतूंच्या प्लेटा बघायची.

शेवटी डॉक्टरांनी पाय कापला, पण तोवर जंतू रक्तात गेले होते. तापात भाऊ बरळत होता, "ताई, भिंतीला टेकू नकोस. रंग ओला आहे." ती खुर्ची पुढे ओढून बसली. दुपारी तो गेला.

ती पुन्हा कामावर आली, तेव्हा त्याचे जंतू जुन्या प्लेटवरून ताज्या प्लेटवर घ्यायची वेळ झाली होती. नाहीतर मेले असते.

"हे दुसरं कुणी करेल," मॅडम म्हणाल्या.

"नको. मीच करते."

त्या जंतूंनीच त्याला नेलं होतं, आणि त्याच्या अंगातलं जिवंत असं आता तेवढंच उरलं होतं. झाकण लावताना तिचा हात आपोआप हळू झाला.

मग एका सकाळी कोरफडीच्या जिवाणूंभोवती स्वच्छ गोल दिसला. त्या गोलात भावाचा एकही जंतू वाढला नव्हता. मॅडमनी प्लेट उजेडात धरली, खाली ठेवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

जेवायच्या सुट्टीत तिनं आईला फोन लावला.

"आई, ते जंतू मेले."

"सगळे?"

"कोरफडीजवळचे सगळे."

"मग आता दुसऱ्या कुणाला तरी..."

"वेळ लागेल गं."

"लागू दे. डबा खाल्लास?"

"खाते."

दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.