चौथा थर

काचेची पट्टी बोटभर, तिच्यावर नखाच्या टोकाएवढा गुलाबी डाग – एवढ्यासाठी पोरीने सात वर्षं घातली! आईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि... अगं बाई! डाग कुठला, हे तर कापड. वर झालरीसारखी लव, खाली पेशींची रांग, मधेमधे टाचण्या खोचाव्यात तशा काड्या. त्याखाली स्नायूंचे धागे. समुद्रातला चपटा किडा, अंगात हाड नाही, पोटात पोकळी नाही, अन् अंगरखा मात्र तीनपदरी! चाळीस वर्षं शिवणयंत्रावर गेली, पण असलं कापड कुणी आणून दिलं नाही...

"आडव्या धाग्यांखाली तिरपे, त्याखाली उभे – ते ठिपके दिसतात ना, ती कापलेल्या उभ्या धाग्यांची टोकं," मुलगी म्हणाली. "आणि तळाचा गडद पट्टा, तो चौथा थर. आजवर कुणी पाहिलेला नाही, आई. चार वाजता पेपर जर्नलला पाठवतेय."

"म्हणजे तुझ्याआधीचे सगळे आंधळेच."

"कौतुक करतेस की टोमणा मारतेस?"

"मला दोन्ही एकाच तोंडाने येतं."

मुलगी हसली. आईची नजर मात्र पट्ट्याच्या टोकाशी पोचली होती. तिथे तो निमुळता होत मिटला होता – चुणीसारखा. कापड स्वतःवर दुमडलं की रंग असाच दुप्पट होतो, त्याला शाळा लागत नाही... पण किड्यात थर मधेच संपतही असेल. मी कोण सांगणार, चौथी नापास –

बारा वर्षांची असताना हिने पहिला फ्रॉक शिवला. चूण पडली होती, खोटं नव्हतं. पण आपण तो गिऱ्हाइकांदेखत टराटरा उसवला. त्यानंतर पोरीने सुई हाती धरली नाही. आज गप्प बसावं, तर उद्या चार शहाणे हिला उसवणार. बोलावं, तर पुन्हा आपल्याच हातून...

"काय झालं गं?"

जिभेवर आलेलं वाक्य आईने टाचणीसारखं ओठांत धरलं.

"याच्या शेजारचा काप आहे का?"

"याच किड्याचा पुढचा काप? आहे की. का?"

"बघू दे. मला कळत नाही, म्हणून विचारतेय."

असलं वाक्य आपल्या घशात होतं कुठे? मुलीने खण ओढला. काचा किणकिणल्या. खरा थर असेल तर त्या कापातही दिसेल, चूण असेल तर नाही. आईने डोळा हलवला नाही – त्या बिनहाडाच्या जिवाला ती मनोमन विनवत होती, असू दे रे बाबा तुला चौथा पदर... चुकू दे मला.