फुंकरीने विझणारा तारा

"आला, आला!" मैदानात एकच गलका उठला. नुकतीच दिवेलागण झाली होती. पश्चिमेकडून एक टपोरा तारा खरोखरच चालत येत होता.

ताराबाबांनी शाल सावरली. "ये तेजा! भक्तांच्या डोळ्यांतला काळोख पिऊन टाक!" मग गाल फुगवून त्यांनी फूऽऽ केलं, आणि तारा विझला! माणसं धडाधड पाया पडू लागली.

गल्लीत चष्म्यांचं दुकान असलेला चष्मेवाला कुंपणाशी दात-ओठ खात उभा होता. दर शनिवारी त्याच्या गच्चीवर दुर्बीण लागायची, शनीची कडी बघायला सगळी गल्ली लोटायची. आता तिकडे कुणी फिरकत नव्हतं. तेही त्याने गिळलं असतं. पण त्याला लहानाचं मोठं करणारी थोरली बहीण अक्कासुद्धा बाबांच्या पहिल्या रांगेत! तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर म्हणत, आणखी थांबलात तर डोळा जाईल. ही म्हणे, तारा बरा करील.

"माझ्यापेक्षा तो फुंक्या जवळचा झाला?" त्याने अक्काला विचारलं.

"जळतोस मेल्या त्यांच्यावर!"

जळत तर होताच. घरी येऊन त्याने शनिवारच्या तयारीसाठी मोबाइलवरचं अ‍ॅप उघडलं. चंद्र कधी मावळणार, ढग येणार का, डोक्यावरून काय जाणार, सगळं त्यात आधीच कळायचं. अंतराळ स्थानकाच्या फेऱ्या बघता बघता तो ताडकन उठला. बाबांच्या दर्शनाच्या वेळा त्याच होत्या! स्थानक कुठल्या क्षणी दिसेनासं होणार, हेही तिथे होतं.

पुढच्या आठवड्यात बाबा दूरच्या गावी गेले. जाताना म्हणाले, "तारा माझ्यासोबत निघाला." अ‍ॅप मात्र म्हणत होतं, उद्या संध्याकाळी इथेच दिसेल.

चष्मेवाल्याने अक्काला आणि शेजाऱ्यांना गच्चीवर बोलावलं.

"बाबांशिवाय तारा? तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला वाटतं," शेजारचा शिंपी खिदळला.

तेवढ्यात तारा आला. शिंप्याचं हसू विरलं. सगळे चष्मेवाल्याकडे बघू लागले. त्याला क्षणभर मोह झाला. एकच फुंकर, की गल्ली पुन्हा आपली! त्याने ओठ घट्ट मिटले. मग म्हणाला, "अक्का, तू फुंक. थांब... हं, आता!"

अक्काने फुंकर मारली. तारा विझला.

"अक्काबाबांचा विजय असो!" शिंपी ओरडला. सगळे हसले, अक्का हसली नाही.

"हे कसं रे झालं?"

"संध्याकाळी रस्त्यावर अंधार पडतो, तरी उंच इमारतीच्या माथ्यावर ऊन असतं ना? तसंच आहे हे. हा तारा नाहीच, माणसांनी आकाशात सोडलेलं अंतराळ स्थानक आहे, खूप उंचावरून पृथ्वीभोवती फिरतं. आपल्याकडे अंधार झाला तरी त्याच्यावर ऊन पडतं, म्हणून ते चमकतं. पृथ्वीच्या सावलीत शिरलं की दिसेनासं होतं. तू फुंक, नाहीतर शिंक."

"म्हणजे माझ्या डोळ्यातला काळोख कुणीच प्यायला नाही?"

"नाही, अक्का."

तिने डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि उजव्याने भावाकडे पाहिलं. समोर नुसता धुरकट ठिपका होता.

"उद्या सकाळी डॉक्टरांकडे ने मला," ती म्हणाली. "दुकान उशिरा उघड."

मुलांनो, चमत्काराला हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हा माणूस इथे नसता, तर हे घडलं नसतं का? आणि डोळा दुखला, तर डॉक्टरांनाच दाखवा.