बरं आहे ना?

गल्लीत तिला सगळे बरंमावशी म्हणत, आणि ते काही उगीच नाही. बाईचं तोंड उघडायचं ते 'बरं' म्हणूनच. "बरं, ऐक." "बरं झालं बाई, आलीस." कुणी गेल्याची बातमी कानावर आली तरी आधी "बरं…" आणि मग जीभ चावायची.

लेक नोकरीला दूर. तिने आईच्या घरात छताला कॅमेरे लावून घेतले. बसवायला आलेल्या मेकॅनिकने नीट समजावलं होतं, "मावशी, माणूस धाडकन पडला की याला दिसतं. मग हे विचारणार, बरं आहे ना? तुम्ही 'बरं' म्हणालात की गप्प बसणार. काहीच बोलला नाहीत तर मुलीला फोन."

"बरं, आणि मी दिवसभर बडबडते ते पण ऐकणार का मेलं?"

"छे हो. विचारल्यावर, फोन लागेपर्यंत तेवढंच ऐकतं, आणि 'बरं' सोडून दुसरं काही त्याला कळत नाही."

मावशी खूश. लेकही खूश. मोबाइलवर 'सगळं ठीक'ची हिरवी खूण दिसली की तिचं समाधान व्हायचं. आधी ती रोज फोन करायची, आता फक्त रविवारी.

आणि सोमवारी सकाळी मावशी स्वयंपाकघरातल्या ओल्या फरशीवरून घसरली. कंबरेत कट्कन आवाज झाला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मोबाइल बाहेरच्या खोलीत उंच फळीवर, बाहेरचं दार बंद, शेजारी गावाला गेलेले.

छतातून गोड आवाज आला, "बरं आहे ना?"

"बरं झालं बाई विचारलंस! कंबर मोडली गं माझी!"

"छान. काळजी घ्या."

मावशी ओरडली, रडली, त्या कॅमेऱ्याला शिव्या घातल्या. त्याचे कान बंद होते. रविवारपर्यंत इथे कोण फिरकणार होतं? नळ डोक्यावर टपटपत होता आणि पाण्याचा घोटसुद्धा हाताला लागणार नव्हता. आपण इथेच मरणार, आणि लेकीला तिकडे हिरवी खूण दिसत राहणार!

त्याला पुन्हा विचारायला लावायचं तर पुन्हा पडायला हवं होतं.

तिने खुर्चीचा पाय धरला. किंचाळत, देवाला हाका मारत, इंच इंच सरकत ती कशीबशी खुर्चीवर चढली. तिने खाली पाहिलं. मोडक्या कंबरेवर आपणहून पडायचं! डोळे मिटून तिने अंग सोडून दिलं.

वेदनेने तिचा श्वासच अडकला.

"बरं आहे ना?"

मावशीने ओठ दातांत धरले. एक शब्द नाही. जन्मात एवढी गप्प ती कधी बसली नव्हती.

"उत्तर मिळालं नाही. तुमच्या मुलीला फोन लावते."

मावशीला रडू फुटलं. सुटले एकदाची!

"बरं बाई, लाव लवकर…"

"छान. फोन रद्द केला. काळजी घ्या."

मावशीने ओट्यावरून लोंबणारा ओला फडका ओढला, बोळा करून स्वतःच्या तोंडात कोंबला, आणि पुन्हा खुर्चीच्या पायाकडे हात नेला.