समोरून आलेला दिवा

सायकल त्या लिंबाला टेकवा, मास्तर, आन बसा हितं. घाई करू नका. बारामतीपासनं पायडल मारत आलाय, पोटऱ्या भरल्या असतील. दिव्यात तेल हाय का बघा आधी. न्हाय ना? वाटलंच मला. नवी सायकल घेतली की माणूस चाकं पुसतो, घंटी पुसतो, आन दिव्याकडं बघत न्हाय. द्या हिकडं, भरून देतो. चहा उकळस्तोवर तुमाला एक गोष्ट सांगतो. ह्या रस्त्यावरचीच हाय. आन फुकट सांगत न्हाय बरं का, शेवटाला तुमच्याकडं एक काम हाय माजं.

मी आज चहा विकतो, पण चार वर्षांमागं ह्याच रस्त्याला सर्व्हिस मोटार चालवत व्हतो. सकाळी बारामती ते इंदापूर, सांजच्याला इंदापूर ते बारामती. रस्ता तुमी बघितलाच. मधी खडी, दोन्ही अंगाला फुफाटा, आन बाभळी. सांजच्याला भेटायचं कोण, तर बैलगाड्या. गाडीवान निजलेला, बैल आपले चाललेले, आन कंदील गाडीच्या बुडाला बांधलेला. लांबनं तो कंदील हलताना दिसला, की समजायचं, गाडी मधनं चाललीय, आपणच फुफाट्यात उतरायचं.

आन एक सायकल. सबंध रस्त्याला एकच. महिपतरावांची.

महिपतराव म्हंजे देवी टोचणारे. सरकारी माणूस, वाईच्या अंगाचा. बदली व्हऊन इंदापुरात आला आन तितंच राह्यला. घरात दुसरं माणूस न्हाय. बायको पयल्या बाळंतपणातच गेली, पुन्हा लगीन केलं न्हाय. नाक्याजवळ एक खोली, एक स्टो, एक खाट. आन सायकल. तिच्या मागं पत्र्याची पेटी, पेटीत लशीच्या नळ्या आन टोचायचं हत्यार.

मास्तर, दंडावर हाय ना तुमच्या वण? मंग तुमाला ठाऊक हाय. ह्या माणसाला गावात कोण 'या, बसा' म्हणणार? घंटी वाजली की गल्ली रिकामी. बाया लेकरं कणगीत लपवायच्या. पोरगं जेवंना तर म्हणायच्या, "थांब, टोच्याला बोलीवते." बावड्यापातूर त्याचं नाव हेच. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

डाळजला एकदा धोंडाबाईनं नातीला कोंबड्यांच्या डालग्याखाली घातली. महिपतराव आले, इकडं तिकडं बघितलं, पोर न्हाय. "बरं, कागद तेवढा भरतो," म्हणाले, आन बसायला काय दिसंना म्हणून बसले त्याच डालग्यावर. आन डालगं शिंकलं. सगळं गाव हसलं. महिपतराव बी हसले. मला सांगताना म्हणाले, "गेणबा, बावीस वर्षं नोकरी झाली. मी आल्यावर गाव हसलेलं हे पहिल्यांदाच."

तवापासनं त्यांनी गावात घंटी वाजवणंच बंद केलं. वेशीपाशी उतरायचे, सायकल हातात धरून आत जायचे.

"मंग ती घंटी काढून तरी टाका," मी म्हणालो एकदा.

"असू दे रे. गावात वाजवली तर पोरं पळतात. रस्त्यावर वाजवावी तर ऐकायला कोणी नाही. पण असावी."

आमची गाठ पडायची रोज दिवेलागणीला, निमगावच्या पुढं ओढा लागतो तितं. मी इंदापुरावनं निघालेलो, ते इंदापूरला परत चाललेले. आमचं एक ठरलं व्हतं. म्हंजे बसून ठरवलं असं न्हाय, आपोआप ठरलं. माज्या मोटारीचे दोन दिवे दिसले की ते सायकलवरनं उतरायचे, बाभळीकडंला व्हायचे, आन आपल्या दिव्यावर एकदा तळवा धरायचे. दिवा झाकला, उघडला. म्हंजे, मी उतरलोय, तू ये. मंग मी भोंगा एकदा दाबायचो. प्वाक. म्हंजे, राम राम. आन धूळ उडवीत निघून जायचो. त्यांच्या अंगावर किती धूळ गेली आसंल, मास्तर, सहा वर्षांत. कधी एका शब्दानं बोलले न्हाईत.

कधी उतारू नसले तर मी मोटार थांबवायचो. ते दोन शब्द बोलायचे. आन हटकून इचारायचे, "गेणबा, बारामतीकडं सायकली वाढल्या म्हणतात?"

"वाढल्यात की. वकिलांकडं हाय, कापडवाल्याकडं हाय."

"या रस्त्याला नाही का येत कोणी? संध्याकाळचं?"

"हिकडं कोण मरायला येतंय?"

"तसं नाही. दोघं असले म्हणजे वारा अर्धा लागतो. एकानं पुढं व्हायचं, एकानं मागं. बोलत बोलत रस्ता सरतो." मंग हसायचे. "येईल कोणी तरी. रस्ता काय माझ्या एकट्याचा आहे?"

मी हसण्यावारी न्यायचो. म्हणायचो, "महिपतराव, सायकलीसाठी स्थळ बघताय का काय?"

आता ऐका. पस्तीस सालचा मार्गशीर्ष. दिवस लहान. माज्या मोटारीचा उजवा दिवा गेला. काचेतला गोळा जळला. मालकाला सांगितलं, तर म्हणाले, पुण्याहून येतोय, चार दिवस काढ. मी बी म्हणालो, काढू की. रस्ता पाठ हाय, बैल पाठ हाईत, बाभळी पाठ हाईत. एका डोळ्यानं चालवू.

आन दुसरी गोष्ट सांगतो, ती आमा ड्रायव्हर लोकांची खोड. उतार आला की इंजिन बंद करायचं. गाडी आपली वजनानं घरंगळत जाती, तेवढंच पेट्रोल वाचतं. सगळेच करायचे. पण इंजिन बंद पडलं की दिवा बी मंदावतो, मास्तर. पांढरा असतो तो पिवळा पडतो. रॉकेलच्या दिव्यावानी.

ध्यानात आलं का तुमच्या?

त्या दिवशी गाडीत एकच उतारू, बानूबाई म्हणून एक बहिरी म्हातारी, ती मागं घोरत व्हती. ओढ्याचा उतार आला. मी इंजिन बंद केलं. आवाज न्हाय, काय न्हाय, नुस्ती खडी वाजती चाकाखाली. समोरून महिपतरावांचा दिवा दिसला, डुलत डुलत. मी मनात म्हणालो, आता उतरतील. हात भोंग्यावर ठेवला. दिवा झाकला की दाबायचा.

दिवा झाकला न्हाय.

घंटी वाजली. किण किण किण किण. मी सहा वर्षांत ती घंटी ऐकली नव्हती. आन ती थांबेना. पोरगं वाजवतं तशी, खुशीत. आन तो दिवा बाजूला जायच्या ऐवजी रस्त्याच्या मधी आला, माज्या त्या एका दिव्याच्या शेजारनं जायला. दोन सायकलवाले गाठ पडल्यावर बोलायला जवळ येतात ना, तसा.

तिथं सायकल नव्हती, मास्तर. माजा दिवा डाव्या अंगाचा. उजव्या अंगाला, काळोखात, माजी मोटार व्हती.

भोंगा दाबला, ब्रेक दाबला. मडगार्डाचा नुस्ता फटका बसला. पण तेवढा पुरला.

मी खाली उतरलो तवा महिपतराव बाभळीच्या बुडाशी पडलेले. पेटी फुटलेली, नळ्या सगळीकडं. सायकलीचं पुढचं चाक दुमडून भाकरीसारखं झालेलं. आन दिवा, त्याला काय झालं नव्हतं. फुफाट्यात आडवा पडून जळत व्हता.

मोटारीत घालून इंदापूरच्या दवाखान्यात नेलं. रस्त्यात पडलेले घावले, एवढंच म्हणालो तितं. खुबा मोडला, डोक्याला मार. दोन दिवस शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी मी गेलो तवा डोळे उघडे व्हते. मी रातभर ठरवून गेलो व्हतो, सांगायचं. पाय धरायचे आन सांगायचं.

त्यांनीच आधी तोंड उघडलं. "गेणबा, त्याला लागलं का रे?"

"कुणाला?"

"तो दुसरा. सायकलवाला. समोरून आला ना. मी घंटी वाजवली, तेवढं आठवतं. फौजदारालाही तेच सांगितलं. माझी चूक झाली बघ. आनंदानं जवळ गेलो त्याच्या, आणि धडकलो. त्याला फार लागलं नाही ना?"

मास्तर, माज्या तोंडात सगळं आलं व्हतं. इथपातूर. आन मी म्हणालो, "न्हाय. खरचटलं नुस्तं. गेला तो."

"कुठला होता?"

"बारामतीचा."

"नाव काय?"

समोरच्या खाटेवर एक पेशंट व्हता, त्याची आई त्याला हाका मारत व्हती. तेच नाव मी उचललं. "दत्तोबा."

"दत्तोबा," ते म्हणाले. दोनदा म्हणाले. "फिरतीची नोकरी का?"

"व्हय. फिरतीचीच."

"मग येईल पुन्हा या रस्त्याला."

आन डोळे मिटले. मला वाटलं, चला, सुटलो.

कशाचा सुटतोय? दुसऱ्या दिवशी इचारलं, दत्तोबा भेटला का. मी म्हणालो, भेटला, तुमची चौकशी करत व्हता. मंग पेरू घेऊन गेलो, आन म्हणालो, दत्तोबानं धाडलेत. त्यांनी एक एक पेरू हातात घेऊन बघितला. मला बी एक दिला, त्या दत्तोबाचा. खाल्ला मी.

मोटारीचा गोळा मी धडकेच्या दुसऱ्याच दिवशी मालकाशी भांडून बसवला. दोन्ही दिवे लख्ख. पण ओढ्याचा उतार आला की मी इंजिन बंद करायचो न्हाय. तितं बाभळीखाली कोण दिवा झाकंना का उघडंना. मी तरी भोंगा दाबायचो. उतारू इचारायचे, कुणाला वाजवतो रे? वरीसभर असं काढलं आन मोटार सोडली. हितं ही चूल मांडली.

महिपतरावांची नोकरी गेली. एक पाय आखूड झाला, काठी आली. सरकारनं थोडं पेन्शन दिलं. वाईला परत जा म्हणालो, भाऊबंद असतील. म्हणाले, "तिकडं कोण ओळखतंय मला? आणि दत्तोबा आला तर?"

खोलीच्या भिंतीला ती सायकल अजून उभी हाय, दुमडल्या चाकाची. दुरुस्त करू दिली न्हाय. आन रोज दिवेलागणीला, मास्तर, त्या सायकलीचा दिवा काढतात, काच पुसतात, लावतात आन दाराबाहेर खिळ्याला अडकवतात. रस्त्याच्या अंगाला. म्हंजे दत्तोबाला खोली घावावी.

महिन्यातनं एकदा मी जातो मोटारीनं. मागच्या खेपंला गेलो तर दिव्यात वात घालत बसलेले. वर न बघताच म्हणाले, "गेणबा, एक विचारू? दत्तोबाच्या सायकलीला भोंगा होता का रे?"

मी रॉकेलची बाटली त्यांच्याकडं सरकवली.

"मला कधी कधी आठवतं," ते म्हणाले, "शेवटी भोंगा वाजला होता. प्वाक. रोजच्यासारखा."

ते वात वर खाली करत राह्यले. मंग म्हणाले, "सायकलीला भोंगा बसवतातही म्हणा कोणी कोणी."

"बसवतात," मी म्हणालो.

"त्याला सांग, माझ्या मनात काही नाही. चार वर्षं झाली, संकोच वाटत असेल त्याला. एकदा येऊन जा म्हणावं. नुसतं दारापाशी."

तिथं सांगायला पायजे व्हतं. त्यांनी दार उघडून धरलं व्हतं माज्यासाठी, आन मी त्या दारातनं बाहेर पडून मोटारीत बसलो. असा हाय मी. तुमाला शिकलेल्या माणसाला काय वाटायचं ते वाटू दे.

घ्या, चहा घ्या. दिवा भरला तुमचा. वात कापली, काच बी पुसली. आता काम सांगतो.

तुमी इंदापुरावरनंच बावड्याला जाणार. नाक्याला पोचस्तोवर दिवेलागण व्हईल. डाव्या हाताला एका दाराबाहेर सायकलीचा दिवा टांगलेला दिसंल. मला सायकल येत न्हाय, मास्तर, आली असती तर चार वर्षांत तुमच्यासाठी थांबलो नसतो. दत्तोबा हाय म्हणा, न्हायतर खरं नाव सांगा, न्हायतर सगळंच सांगा, ते तुमच्यावर. मला कळलं तरी मी तुमाला बोल लावणार न्हाय. पण तुमचा दिवा पेटता ठेवा, आन त्या दारापाशी आलात की वेग कमी करा, आन घंटी वाजवा. एकदा न्हाय. ते दाराबाहेर येईस्तोवर वाजवा.